घेराच्या आत



आयोजकांनी फोनवर विचारलं होतं, ताई, तुम्ही उभं राहून बोलणार की बसून? मी म्हटलं, सुरुवात उभ्यानं करते, मग पाय सांगेल तसं. माझा डावा पाय पोलिओचा आहे. दीड वर्षाची असताना ताप आला आणि उतरताना पाय घेऊन गेला, असं आई सांगायची. मांडीपासून टाचेपर्यंत कॅलिपर आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण नाहीतर अर्धा वेळ तुमचं लक्ष 'ह्या अशा का उभ्या आहेत' इकडे जाईल. माझा अनुभव आहे.

मी इंदूरची. आमच्या चार पिढ्या तिकडेच, त्यामुळे माझ्या मराठीत हिंदी मिसळलेलं असतं, सांभाळून घ्या. राजवाड्याच्या मागच्या गल्लीत माझं शिवणाचं दुकान आहे. बायकांचे कपडे शिवते. हल्ली पाटीवर बुटीक लिहावं लागतं म्हणून लिहिलंय, पण आहे ते शिवणाचं दुकानच.

आज मी एका बाईच्या कपाटाबद्दल बोलणार आहे. फ्रीडा काहलो. तिचं चित्र पाहिलं नसेल तरी तिचा चेहरा तुम्ही पाहिलेला असतो. जुळलेल्या भुवया, केसांत फुलं. उशांवर, पिशव्यांवर, चहाच्या मगांवर, सगळीकडे ती असते. माझ्याकडे एक मुलगी तिचा चेहरा छापलेलं कापड ब्लाउजसाठी घेऊन आली होती. तेव्हा मला ती कोण हे माहीत नव्हतं. मी विचारलं, ही कोणती देवी? चेहरा टक्समध्ये जाईल, चालेल का?

मग २०१८ साली भाच्यानं लंडनला बोलावलं. तिथे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये जून ते नोव्हेंबर तिच्या कपड्यांचं प्रदर्शन होतं. भाचा म्हणाला, "मावशी, तुला कपड्यांतलं कळतं, चल." त्याला बिचाऱ्याला बाकीचं काही माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

आत शिरण्याआधी थोडी हकिगत सांगते, कारण ती मला नंतर कळली आणि आधी कळली असती तर बरं झालं असतं. फ्रीडा मेक्सिकोची, १९०७चा जन्म. सहाव्या वर्षी पोलिओ. उजवा पाय बारीक आणि आखूड राहिला. अठराव्या वर्षी, सप्टेंबर १९२५मध्ये, ती ज्या बसमध्ये होती तिला ट्रामनं धडक दिली. लोखंडी दांडा ओटीपोटातून आरपार गेला. पाठीचा कणा, कंबर, तोच उजवा पाय, सगळं मोडलं. पडल्या पडल्या चित्रं काढायला लागली. पुढे आयुष्यभर शस्त्रक्रिया आणि पाठीला प्लास्टरचे, चामड्याचे, पोलादी पट्ट्यांचे कॉर्सेट. १९५३मध्ये उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. १३ जुलै १९५४ला ती गेली. सत्तेचाळीस वर्षं.

तिचा नवरा दिएगो रिव्हेरा, तोही मोठा चित्रकार. त्यानं तिच्या वस्तू घरातल्या न्हाणीघरात आणि आतल्या खोल्यांत ठेवून कुलूप लावायला सांगितलं. आपण गेल्यावर पंधरा वर्षं उघडू नका, म्हणाला. तो १९५७मध्ये गेला. घराची व्यवस्था पाहणाऱ्या दोलोरेस ओल्मेदो बाईंनी मात्र पंधरा वर्षांनंतरही उघडू दिलं नाही. त्या २००२मध्ये गेल्या आणि २००४मध्ये दारं उघडली. आत तीनशेच्या आसपास कपडे आणि दागिने, हजारो फोटो, औषधं, लिपस्टिक, कॉर्सेट. पन्नास वर्षं बंद न्हाणीत कापड कसं टिकलं असेल याचं मला फार नवल वाटतं. आमच्याकडे एका पावसाळ्यात रेशमाला बुरशी येते.

त्या सामानाचं एक प्रदर्शन २०१२मध्ये तिच्याच घरात, मेक्सिको शहरातल्या कोयोआकान भागातल्या निळ्या घरात झालं. सिर्से हेनेस्त्रोसा नावाच्या बाईंनी ते मांडलं. लंडनचंही त्यांनीच, म्युझियमच्या क्लेअर विल्कॉक्स यांच्यासोबत. मेक्सिकोबाहेर हे कपडे पहिल्यांदाच गेले होते.

तर आम्ही गेलो. दारात व्हीलचेअर देऊ केली. मी नको म्हटलं. ही माझी जुनी खोड आहे.

आत अंधार. जुन्या कापडाला उजेड सोसत नाही म्हणून दिवे मंद ठेवतात. पुढे एका काचेत कपडा नव्हताच. पाय होता. तिचा कृत्रिम पाय. त्याला लाल चामड्याचा बूट, वर बंद आवळलेले, त्यावर चिनी नक्षीचं रेशमी भरतकाम जोडलेलं. आणि छोट्या घंट्या. हे सगळं मी नंतर नीट पाहिलं. आधी मी एकच गोष्ट पाहिली, की ह्या बाईनं ह्या पायाला नटवलं होतं.

दुसऱ्या काचेत बुटांचा जोड. उजव्याची टाच डावीपेक्षा उंच. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक मोची बसायचे. त्यांच्याकडून मी माझ्या डाव्या चपलेला दोन इंच तळ लावून घ्यायचे. रबराचे थर एकावर एक चिकटवून, काठ घासून, वर काळं पॉलिश करून द्यायचे. दुकानात मिळणाऱ्या जोडीतली एक चप्पल मला नेहमीच खोटी वाटायची. आणि इथे लंडनच्या काचपेटीत तीच युक्ती. मी भाच्याला हाक मारली आणि काही बोलताच येईना. तो म्हणाला, "मावशी, बसायचंय का?"

आता कपडे. यातलं मला कळतं, म्हणून सावकाश सांगते.

फ्रीडा जो पोशाख बहुतेक वेळा घालायची तो तेहुआना पोशाख. मेक्सिकोच्या दक्षिणेला वाहाका प्रांतात तेहुआन्तेपेक म्हणून भाग आहे. तिथल्या सापोतेक बायका बाजार चालवतात, व्यवहार त्यांच्या हातात असतो असा त्यांचा लौकिक. फ्रीडाच्या आईचं कूळ वाहाकाकडचं. क्रांतीनंतर मेक्सिकोतल्या शिकल्यासवरल्या लोकांना आपल्या मातीतलं वापरायची हौस आली होती, दिएगोला तर फारच. म्हणून तिनं तो पोशाख घेतला, असं सांगतात. खरंच असेल ते. पण मी शिवणारी आहे, मला आणखी एक कारण दिसलं, आणि हेनेस्त्रोसाबाईंनीही तेच मांडलं आहे हे वाचून मला बरं वाटलं.

तेहुआना पोशाखात वर हुईपिल असतं. म्हणजे काय, तर चौकोनी कापड, मधे गळा, बाजूंना शिवण. टक्स नाहीत, मुंढा कापलेला नाही, कमरेला फिटिंग नाही. खांद्यावरून सरळ लोंबतं आणि कमरेपाशी संपतं. आत प्लास्टरचा कॉर्सेट असला तरी वरून कळत नाही. दिवसभर खुर्चीत बसलात तरी पोटाशी गोळा होत नाही. घालताना काढताना फार हात वर करावे लागत नाहीत. खाली लांब, मोठ्या घेराचा परकर, त्याला तळाशी पांढरी चुण्यांची झालर. पाय दिसतच नाहीत. आणि सगळं भरतकाम, दागिने, फुलं, रिबिनी वरती. छाती, गळा, डोकं. बघणाऱ्याची नजर वर खेचायची आणि खाली जाऊच द्यायची नाही. नजर कुठे न्यायची हे ठरवणं म्हणजेच तर शिवण. जाड कमरेच्या गिऱ्हाइकाला आम्ही गळ्याला काठ लावून देतो, ते आणखी कशासाठी?

आणि मंडळी, हे तर परकर-पोलकं! मला आईचं परकर-पोलकं आठवलं. आमच्याकडे उषाचं पायमशीन होतं. आई मला खणाचं पोलकं आणि पायघोळ परकर शिवायची. पाचवीपर्यंत मी तेच घालून शाळेत जायची. सहावीला शाळा बदलली. शाळेचं नाव सांगत नाही. तिथे गुडघ्यापर्यंतचा स्कर्ट सक्तीचा होता. आई बाईंना भेटून आली, पोरीला लांब शिवून देऊ का म्हणाली. उत्तर मिळालं, नियम सगळ्यांना सारखा. मग आईनं स्कर्टची दुमड पाच इंच ठेवली आणि दर सुट्टीत अर्धा इंच सोडत गेली. कुणाच्या लक्षात येऊ नये इतकं हळू. दोन वर्षांत स्कर्ट पोटरीपर्यंत आला. लाजेपायी शिकलेलं हे माझं पहिलं शिवण.

पुढे मी साड्या नेसायला लागले, तर निऱ्या कॅलिपरच्या बकलात अडकायच्या. मग मी स्वतःसाठी कळ्यांचा परकर शिवला. डाव्या बाजूच्या शिवणीत गुडघ्यापाशी सहा इंच शिवण उघडी ठेवायची, वर एक चुणी अशी टाकायची की फट दिसत नाही. कारण कॅलिपरला गुडघ्याशी लॉक असतं. उभं राहिलं की कडी खाली पडते आणि पाय ताठ होतो. बसायचं तर हातानं कडी वर ओढावी लागते. चारचौघांत परकर वर न करता हात आत जावा म्हणून ती फट. माझ्या प्रत्येक परकराला, प्रत्येक कुर्त्याला ती आहे. आज घातलेल्यालाही आहे.

तर मी लंडनला त्या काचांपुढे उभी राहून काय शोधत होते? फट. मला वाटत होतं, हिच्या एखाद्या परकराला असणारच. कॉर्सेटचे पट्टे आवळायला, पाय सावरायला, कुठेतरी हात जायला जागा ठेवलीच असेल. मला ते कपडे उलटे करून पाहायचे होते. माया किती ठेवली आहे, कुठे उसवून परत शिवलं आहे, पायाच्या बाजूचा घेर जास्त झिजला आहे का. शिवणारीला कपडा उलट्या बाजूनं कळतो. म्युझियम सुलटी बाजू दाखवतं. मी वाकून, तिरकी होऊन पाहत होते, तशी तिथली एक रखवालदार बाई जवळ आली आणि फार अदबीनं म्हणाली की काचेला टेकू नका.

फट नाही दिसली. परकरांवर रंगाचे डाग मात्र दिसले. चित्र काढताना पडलेले. त्या डागांनी मला धीर आला. म्हणजे बाई हे कपडे फोटोपुरते घालत नव्हती, यातच राबत होती.

एक गोष्ट तिथे मला खटकली, तीही सांगते. हुईपिलांवर पिवळ्या-लाल भौमितिक पट्ट्यांचं जे काम आहे ना, ते साखळी टाक्याचं, आणि ते मशीनवर केलेलं असतं. तेहुआन्तेपेकच्या बायका विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून मशीनवर हे काम करत आल्या आहेत. एकसारखा टाका, चौकटीत चौकट, रेघ जराही हलत नाही. मी तीस वर्षं मशीनवर बसले, मला असं जमणार नाही. पण मी ज्या पाट्या वाचल्या त्यांवर ते करणारीचं नाव एकाही ठिकाणी नव्हतं. लिपस्टिकच्या कंपनीचं होतं. रेव्हलॉन. म्युझियमला नाव ठाऊक नसणार, कबूल. आमचीही नावं कुणाला ठाऊक नसतात. लग्नाच्या फोटोत लेहेंगा असतो, आम्ही नसतो.

कॉर्सेटची खोली वेगळी. पलंगासारख्या चौकटी करून त्यांत मांडले होते, कारण तिचं कितीतरी आयुष्य पलंगावर गेलं. एका प्लास्टरच्या कॉर्सेटवर तिनं छातीशी विळा-कोयता रंगवलाय, आणि खाली पोटावर गर्भातलं मूल. तिला मूल झालं नाही. ते पाहून मी पुढे सरकले.

तिथे औषधांच्या बाटल्याही होत्या. ते मला आवडलं नाही. कॉर्सेट तिनं स्वतः रंगवलेला होता, म्हणजे कुणीतरी पाहावा असं तिच्या मनात असणार. बाटल्या कुणी पाहाव्यात असं कुणाच्या मनात असतं? नवऱ्यानं कुलूप लावलं, दुसऱ्यांनी उघडलं, तिला कुणी विचारलं नाही. माझ्या मागे माझं कपाट कुणी उघडलं तर कॅलिपरच्या जुन्या घामट पट्ट्या निघतील. मी भाच्याला तेव्हाच सांगितलं, त्या आधी फेकायच्या.

प्रदर्शनात एक छोटं चित्र होतं, तेही त्या बंद खोल्यांतच सापडलेलं. त्यात तिनं स्वतःला तेहुआना पोशाखात काढलंय, पण पोशाख पारदर्शक. आत कॉर्सेट, कण्याच्या जागी मोडका खांब, पायावर फुलपाखरं. खाली तिनं लिहिलंय त्याचं मराठी सरळ आहे, दिसतं तसं नसतं. म्हणजे आपण काय झाकतो हे तिनं चित्रातून सांगूनच टाकलं होतं. मी मात्र दुमड अर्धा-अर्धा इंच सोडणाऱ्या आईची मुलगी.

हे मला इतकं का लागलं, ते आता सांगते. ते सांगण्यासाठीच खरं तर मी इथे यायला होकार दिला.

लंडनच्या दोन वर्षं आधी माझ्याकडे एक मुलगी आली होती, लग्नाचा लेहेंगा शिवायला. अपघातात तिचा एक पाय घोट्यावरून गेला होता, कृत्रिम पाऊल होतं. मला वाटलं, बरं झालं माझ्याकडे आली, हिची गरज मला कळेल. मी मापं घेतली आणि न विचारता लांबी दोन इंच वाढवली. ट्रायलला ती म्हणाली, "आंटी, हा जमिनीला लागतोय." मी म्हटलं, "बेटा, मुद्दाम. पाऊल दिसणार नाही." ती म्हणाली, "पण मला दिसायला हवंय. मी त्यावर मेंदीसारखी नक्षी काढून घेणार आहे." मी तिला समजावलं. हो, मी. लग्नात शंभर माणसं असतात, फोटो कायमचे असतात, सासरची माणसं. माझ्या आईला त्या बाईंनी ज्या सुरात नियम सांगितला होता ना, तोच सूर. मी तेव्हा ओळखला नाही. तिची आई माझ्या बाजूनं बोलली. मुलगी गप्प झाली. लेहेंगा लांबच गेला. मी वर फिटिंगचे पैसे घेतले नाहीत आणि आपण फार चांगलं वागलो असं समजले.

त्या लाल बुटासमोर मला ती मुलगी आठवली.

परत आल्यावर वहीतून नंबर काढला. लागला नाही. तिच्या आईच्या ओळखीच्या बाईंकडे निरोप ठेवला, की लेहेंगा घेऊन ये, कापून देते, पैसे नको. अजून कुणी आलेलं नाही. लेहेंगा पुन्हा कोण घालतं म्हणा. बाकीच्यांना मात्र मी आता लांबीचं माप घेण्याआधी विचारते, कुठपर्यंत हवं. पूर्वी मी सांगायचे.

मी फ्रीडाला देवी करायला आलेली नाही. तिनंही झाकलंच की. पायघोळ परकर तिनं लहान वयातच धरला तो पायासाठीच. तिला ज्या गोष्टी दाखवायच्या होत्या त्या दाखवल्या, झाकायच्या त्या झाकल्या. त्याच २०१८मध्ये मॅटेल कंपनीनं तिची बार्बी बाहुली काढली. भुवया नीट केलेल्या, दोन्ही पाय सारखे सरळ. तिच्या घरच्यांपैकी काहींनी कोर्टात धाव घेतली आणि मेक्सिकोत त्या बाहुलीची विक्री थांबवली गेली. झाकायचं की दाखवायचं हे ज्याचं त्यानं ठरवावं, पण कंपनीनं ठरवायचं म्हणजे अतिच.

जाता जाता एक गंमत. फ्रीडाचा साडीतला फोटो आहे. १९४७चा. विजयालक्ष्मी पंडितांच्या मुली, नयनतारा सहगल आणि रीटा, मेक्सिकोला गेल्या होत्या, तेव्हाचा. त्यांचे वडील रणजित पंडित, म्हणजे मूळ आपल्या कोकणातलं मराठी घराणं. फोटो पाहिला तेव्हा मला पहिल्यांदा काय वाटलं सांगू? निऱ्या कुणी घालून दिल्या असतील, आणि त्या कॉर्सेटवर खोचल्या कशा असतील? बाकी साडी तिला पटली असणारच. पाय झाकते, खांदा मिरवते.

आज माझ्या पायात जो बूट आहे तो आमच्या मोच्यांच्या मुलानं केलाय. दोन इंचांचा तळ आता काळा नाही. दुकानातल्या माहेश्वरी साडीचा उरलेला काठ मी त्याच्या कडेनं डकवून घेतलाय. पहिल्या पावसात सुटला. परत लावला. मग कळलं की खाली गम लावण्याआधी कापडाला कांजी द्यायला हवी होती. मागच्या रांगेतल्यांना दिसत नसेल, नंतर पुढे येऊन बघा, मला आवडेल.

आता मी बसते. पाऊण तास उभी आहे. बसताना गुडघ्याची कडी ओढावी लागते, तिचा 'खट्ट' असा आवाज होतो. आयोजक म्हणाले होते, तेवढ्यापुरता माइक बंद करू. मी म्हटलं, राहू दे चालू.